उच्चभ्रू वस्ती आणि आमचे पुंडलिकनगर

बडे लोक कुठे राहतात, याचे उत्तर आमच्या छत्रपती संभाजीनगरात कधीच एका जागी टिकले नाही. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवले आणि डोंगरातले पाणी खापरी नळांनी गावात खेळवले. पुढे औरंगजेबाच्या मागोमाग राजपूत आणि बुंदेले सरदार आले, त्यांनी आपापले पुरे थाटले. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगांचा करणपुरा, पदमसिंगांचा पदमपुरा, पहाडसिंगांचा पहाडसिंगपुरा. हे त्या काळचे 'प्रीमियम लोकेशन'. बिल्डरची जाहिरात तेव्हा असती तर 'हत्तींसाठी स्वतंत्र पार्किंग' एवढेच छापले असते. आज करणपुऱ्यात नवरात्रात देवीची जत्रा भरते, पाळणे फिरतात, रेवड्या विकल्या जातात. सरदार मात्र कोणाला आठवत नाहीत.

नंतर समर्थनगर, ज्योतीनगर झाले. ते आपण सोडून देऊ, तिथले लोक स्वतःबद्दल पुरेसे बोलतात.

खरी उलथापालथ सत्तरच्या दशकात सिडकोने केली. जालना रोडच्या दोन्ही अंगांना आखीव सेक्टर पडले आणि नावांऐवजी नंबर आले. पुऱ्याला निदान सरदाराचे नाव तरी होते; इथे 'कुठे राहता?' विचारले की माणूस छाती काढून 'एन-वन' म्हणतो, जणू दहावीच्या परीक्षेत पहिला आला. कारखानदार, डॉक्टर, वकील, सगळे नंबरात आले. गंमत अशी, की सिडकोने हे प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे बंगल्यापुढे तीन गाड्या, दारात बोगनवेल, कुत्र्याला वेगळी खोली, आणि मालक वर्षानुवर्षे निवेदन घेऊन उभा राहिला: 'साहेब, फ्रीहोल्ड करा.'

आमचे पुंडलिकनगर याच नंबरांना खेटून आहे. रस्ता ओलांडला की एन-फोर. आमच्याकडे प्लॉट असा नसतोच, गुंठ्याचा तुकडा असतो. वीस बाय तीस, बाँडवर लिहिलेला, दोन साक्षीदार आणि चहा. त्यावर तीन मजले, खाली किराणा, मधे मालक, वर एमपीएससीची पोरे. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करायची सोय केली. थोडक्यात, रस्त्याच्या त्या बाजूचा श्रीमंत सिडकोचा भाडेकरू, या बाजूचा गरीब महापालिकेचा उमेदवार. सातबाऱ्यावर निवांत झोपलेला माणूस दोन्हीकडे सापडायचा नाही.

तरी श्रीमंती आहे, नाही कशी? ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या मंडळींनी मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या. देशभर बातमी झाली. मराठवाडा मागास म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. गाड्या आल्या, आता त्या धुवायच्या कशाने, हा तपशील बातमीत नव्हता.

कारण २००६ मध्ये सिडकोची वसाहत महापालिकेच्या ताब्यात आली आणि नळापुढे सगळे एका रांगेत आले. जायकवाडी धरण भरून वाहते, त्याच्या नाथसागर जलाशयावर पर्यटक सेल्फी काढतात आणि पाणी आमच्याकडे कित्येक दिवसांआड येते. आधी 'समांतर' नावाची योजना झाली, ती नावाला जागली: तिची आणि नळाची गाठ कधी पडली नाही. मग १६८० कोटींची नवी योजना आली, ती २७४० कोटींपर्यंत चढली. नुसता आकडा पाहिला तर राज्यातला सर्वात उच्चभ्रू नळ आमचाच.

रात्री तीनला गल्लीच्या ग्रुपवर 'आले' एवढा एकच शब्द पडतो. कोण आले, हे विचारायची गरज नसते. अख्खी गल्ली उठते. हौदाचे झाकण सरकते, मोटार थेट नळाला लागते, निळे ड्रम ओळीने उभे राहतात आणि शेजारच्या काकू ओरडतात, 'अहो भाऊ, तुमची मोटार बंद करा की, आमच्याकडं नुसती हवा येऊ लागली!' एन-फोरमध्येही हेच चालते, फक्त तिथे ओरडायला वॉचमन ठेवलाय. भक्त पुंडलिकाने देवाला विटेवर ताटकळत ठेवले. त्याच्या नावाच्या नगरात भक्तच बादली घेऊन ताटकळतात, देव लाइनमनच्या रूपात व्हॉल्व्ह फिरवून निघून जातो.

श्रीमंत आणि गरीब यांत उरला तो फरक टाकीचा. वीस हजार लिटरचा हौद असलेला माणूस आमच्याकडे जमीनदार समजला जातो. परवा गल्लीतल्या एका मुलीला स्थळ आले. मुलगा इंजिनिअर, बंगला सिडकोत, दारात गाडी. मुलीच्या आजीने बायोडाटा चष्म्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचला, परत केला आणि मध्यस्थाला म्हणाली, 'बाकी समदं ठीक हाय दादा, पण पाणी कितव्या दिवशी येतं, ते कामून लिहिलं नाही?'