पेशंट कोण है?

परवा सीएसएमटीबाहेर (तोंडात व्हीटीच येतं, पण त्या दिवशी मी शुद्ध वागायचं ठरवलं होतं) टॅक्सीत बसलो आणि ठणकावून म्हणालो, "डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग."

टॅक्सीवाल्याने आरशातून मला न्याहाळलं. "पेशंट कोण है?"

"लॅमिंग्टन रोड," मी शरण गेलो. टॅक्सी सुटली.

हे लॅमिंग्टन 1903 ते 1907 मुंबईचे गव्हर्नर. त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला होते. तिथे स्पंज केकचा चौकोन चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवतात, त्याला लॅमिंग्टनच म्हणतात. नाव यांचं, नाहीतर यांच्या बायकोचं, अशी वदंता. आपल्याकडे नवी पाटी लावायची तर नारळ फुटतो. पण जो आधीच खोबऱ्यात घोळलाय, त्याला नारळाचं काय भय? शिवाय गडी चिवट. 13 मार्च 1940 ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरला गोळ्या घातल्या, तेव्हा हेही तिथेच होते. हाताला गोळी लागली, जीव वाचला. उधमसिंगांच्या पिस्तुलातून निसटलेला माणूस महापालिकेच्या ठरावाला काय दाद देणार!

आमचीही एक खोड आहे. नाव द्यायचं ते पदवीसकट, अगदी लग्नपत्रिकेसारखं. आणि बसच्या दारात लोंबकळत ते ओरडायचं कंडक्टरने! मग हॉर्नबी रोडवर मानाने बसवलेल्या दादाभाई नौरोजींचा 'डी. एन.' होतो. 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेला माणूस फोर्टात दोन इंग्रजी अक्षरांत मावतो. घोडबंदर रोडवर स्वामी विवेकानंद आले, त्यांचा 'एस. व्ही.' झाला. पेडर रोडच्या डॉ. गोपाळराव देशमुखांना तर आद्याक्षरंही मिळाली नाहीत. तिथे अजून पेडरच राहतो.

तर लॅमिंग्टन रोडला उतरलो. वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, आणि 'क्या चाहिए, साब?' असं विचारत दुकानापर्यंत सोबत करणारी मुलं. हवी ती पिन बाविसाव्या दुकानात मिळाली. पैसे द्यायला खिशात हात घातला, तर मोबाइल गायब.

"लॅमिंग्टन रोडवर हे असंच," दुकानदार शांतपणे म्हणाला.

"मग आता?"

"आता डी. बी. मार्ग. पोलीस ठाणं तिथे आहे."

"तो कुठे आला?"

"हाच की."