चाकवाले कप्तान

निवृत्त झालेल्या मराठी माणसाचे रस्ते ठरलेले आहेत. काहीजण सोसायटीचे सेक्रेटरी होतात आणि पाण्याच्या टाकीवरून अख्ख्या इमारतीशी वैर धरतात. काहीजण कुलवृत्तांत लिहायला घेतात आणि ज्या शाखेशी कोर्टकज्जा झाला ती शाखा सफाईने गाळतात. काहींना साठीनंतर पेटी शिकावीशी वाटते. त्यांच्या शेजाऱ्यांविषयी इथे न बोललेलं बरं. आणि हजारात एखादा बोट बांधायला घेतो. खरी नव्हे, लहान. पण तिला ‘खेळण्यातली बोट’ म्हणालात तर चहा मिळणार नाही.

या बोटवाल्यांमध्येही पोटजाती आहेत. शिडाची गलबतं करणारे स्वतःला कुलीन समजतात. लढाऊ जहाजं करणाऱ्यांना तोफांची नावं तोंडपाठ असतात, बायकोचा वाढदिवस नसतो. आणि सगळ्यात दुर्मिळ, सगळ्यात हट्टी जात म्हणजे चाकवाले. दोन्ही कुशींना पाणचक्कीसारखी चाकं असलेल्या आगबोटीखेरीज जगात दुसरी बोटच झाली नाही, अशी यांची श्रद्धा. असा माणूस पुण्यात असतो, पार्ल्यात असतो. आमच्या ठाण्यातल्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सगळे त्याला कप्तान म्हणतात. कप्तानांनी उभी हयात बँकेत काढली. समुद्राशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध गेटवे ते मांडवा एवढाच, आणि त्याही प्रवासात ते पूर्ण वेळ डोळे मिटून लिंबू हुंगत बसले होते असं वहिनी सांगतात.

बोट त्यांनी निवडली ती मात्र अस्सल मुंबईची. ‘ह्यू लिंडसे’. १८२९ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली, ४११ टनांची, नौरोजी जमशेटजी वाडियांच्या हाताखाली तयार झालेली. इंजिनं तेवढी विलायतेहून आली, ८० अश्वशक्तीची दोन. २० मार्च १८३० रोजी कमांडर विल्सन ती घेऊन मुंबईहून सुएझकडे निघाले. तोवर या वाटेने वाफेवर कोणी गेलं नव्हतं. अडचण एकच होती. बोटीत कोळसा मावायचा पाच-साडेपाच दिवसांचा, आणि वाटेतलं पहिलं कोळशाचं ठिकाण एडन, अकरा दिवसांवर. मग जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. सलूनमध्ये कोळसा, केबिनींत कोळसा. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा उरला होता. २२ एप्रिलला सुएझ. ही गोष्ट कप्तान सांगतात तेव्हा ‘सहा तासांचा’ या शब्दांपाशी थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. तिथे ‘अरे बापरे’ म्हणायचं असतं. नव्या जावयाने ते म्हटलं नाही, तर कप्तान त्याच्याशी लग्नानंतरची पहिली दिवाळी संपेपर्यंत मोजकंच बोलले.

प्रमाण ठरलं अठ्ठेचाळिसास एक. म्हणजे साडेपाच फुटी खलाशी साडेतीन सेंटिमीटरचा. या प्रमाणात बोट जेवणाच्या टेबलावर मावते, पण मग ताटं मावत नाहीत. त्यामुळे त्या घरात गेली कित्येक वर्षं माणसं मांडी घालून जेवतात आणि वहिनींचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी विचारलं, जमिनीवर बसणं टाळता येईल का? वहिनी म्हणाल्या, “बोट सुएझला पोचली की बघू.”

घरातली एकेक वस्तू आरमारात भरती झाली आहे. लाकडाच्या बारीक पट्ट्या गरम पाण्यात भिजवून नाळेच्या बाकाला वळवायच्या आणि सुकेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवायच्या. चिमटे अर्थातच कपड्यांचे. पट्ट्या सुकेपर्यंत दोरीवरचे कपडे वाऱ्यावर. पहिल्या मजल्यावरच्या कुळकर्ण्यांच्या बाल्कनीत कप्तानांच्या बनियनांचा कायमचा मुक्काम. दोरखंडासाठी वहिनींच्या शिवणाचा दोरा. तो तसाच वापरायचा नाही. मधमाशांच्या मेणातून तो दोनदा ओढायचा, म्हणजे अंगावरची लव बसते; नाहीतर, कप्तान म्हणतात, दोरखंडाला दाढी आल्यासारखी दिसते. मग डोलकाठीला आधार देणाऱ्या त्या दोरांवर चढायची शिडी. आडव्या दोऱ्याची प्रत्येक उभ्या दोऱ्यावर एक गाठ, आणि गाठ खरीच मारायची, डिंकाने चिकटवायची नाही. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात वहिनींचा भुवयांचा चिमटा, श्वास रोखलेला. अशा वेळी कुरियरवाल्याने बेल वाजवली तर कप्तान जो शब्द उच्चारतात तो मात्र अस्सल गोदीतला आहे.

पण हे सगळं कोणीही बोटवाला करतो. चाकवाल्याचं खरं रूप बघायचं असेल तर त्याला चाकाविषयी विचारावं, आणि विचारण्याआधी घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगावं.

चाकाच्या परिघावर पाती असतात. साध्या चाकात ती घट्ट बसवलेली. पातं पाण्यात शिरताना पाण्याला थप्पड मारतं आणि बाहेर येताना पाणी उगाच वर उचलतं. दोन्हीकडे ताकद फुकट. म्हणून पुढे अशी युक्ती निघाली की दांड्यांच्या आधाराने प्रत्येक पातं पाण्यात असताना जवळजवळ उभंच राहावं. कप्तान हे प्रात्यक्षिकासह शिकवतात: बादलीभर पाणी आणि वहिनींचं उलथणं. आधी तिरकं घालतात, फरशी ओली होते. मग उभं घालतात, फरशी थोडी कमी ओली होते. “कळलं?” कळलं म्हणावं. आता प्रश्न असा की ‘ह्यू लिंडसे’ला कुठलं चाक? त्या हलत्या पात्यांचं पेटंट विलायतेत गॅलोवे नावाच्या माणसाने घेतलं १८२९ मध्ये, म्हणजे इकडे बोट पाण्यात पडली त्याच वर्षी. ते इतक्या झटकन मुंबईला कसं येईल? म्हणून साधंच चाक, असा कप्तानांचा निकाल. तो देण्यापूर्वी ते टाउन हॉलच्या पायऱ्या इतक्यांदा चढले की एशियाटिकच्या वाचनालयात ते सभासद आहेत की कर्मचारी याबद्दल संभ्रम झाला. रतनजी अर्देशर वाडियांचं मुंबईच्या गोदीवरचं १९५५ सालचं पुस्तक त्यांनी बँकेच्या पासबुकासारखं ओळ न ओळ ताडून पाहिलंय.

दोन्ही चाकं तयार झाली. पितळी आरे, लाकडी पाती, प्रत्येक पात्याला बारीक खिळे. जगात दुसरीकडे कुठे असं काही असेल असं वाटत नाही. आणि मग कप्तानांनी त्यांच्यावर पेटी बसवली. खऱ्या बोटीतही चाकावर अर्धगोल पेटी असते, पाणी उडू नये म्हणून. ती बसली आणि चाक झालं गडप. खालून वाकून बघितलं तर चार पाती दिसतात. वहिनी म्हणाल्या, “अहो, एक छोटं दार तरी ठेवा बाजूला. एवढं केलंय ते लोकांना दिसू दे.” कप्तान दुखावले. “अगं, तिथे दार नव्हतं.” “पण मग दिसणार कसं?” “दिसत नाही. पण आहे ना?”

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. बँकेत हिशेब दोन पैशांनी चुकला तर रात्री नऊपर्यंत बसून जो माणूस ते दोन पैसे शोधतो, तो असाच बोलणार.

पाहुण्यांचे तीन प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, “रामदास का?” कोकणातला माणूस बोट बघितली की हेच विचारतो. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाताना बुडालेली ती बोट सहाशेहून जास्त माणसं घेऊन गेली. ज्यांच्या घरातलं कोणी गेलं त्यांच्या नातवंडांनाही तारीख पाठ असते. कप्तान एवढंच म्हणतात की नाही, ती वेगळी, आणि पाहुण्याला बसायला खुर्ची देतात. त्या विषयावर ते तांत्रिक माहिती सांगत नाहीत. माझ्या मते त्यांचा हा एकच गुण वहिनींच्या गुडघ्यांची भरपाई करतो. वेंगुर्ल्याच्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या होत्या, त्यांनी तर मॉडेलकडे बघितलंही नाही. बोटीवरून पडावात उतरताना नवऱ्याने आधी ट्रंक झेलली आणि मग मला, हे त्या अर्धा तास सांगत होत्या. कप्तानांनी वहीत टिपून घेतलं.

दुसरा प्रश्न लहान मुलांचा: पाण्यात चालते का? तलावपाळीला सोडू या! कप्तान हसतात, पण त्या दिवशी दिवाणखान्याला कुलूप लागतं.

तिसरा प्रश्न नाही, खोडी आहे. ती चौथ्या मजल्यावरचे मर्चंट नेव्हीतले निवृत्त इंजिनीअर काढतात. “काय कप्तान, १८४५?” त्या साली एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने स्क्रूची, म्हणजे मागे पाण्याखाली पंखा फिरणारी, ‘रॅटलर’ आणि चाकाची ‘अलेक्टो’ या दोन बोटी शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना सोडल्या. इंजिनं कागदावर सारखीच, २०० अश्वशक्तीची. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटं ओढत नेलं, चाकं पुढच्या दिशेने फिरत असताना. कप्तानांच्या घरात ही घटना घडलेली नाही. फारच डिवचलं तर ते सांगतात की तो सगळा देखावा होता. अ‍ॅडमिरल्टीने स्क्रूच्या बोटी आधीच मागवल्या होत्या, निकाल ठरवून मग सामना लावला. हे खरंही आहे. पण समुद्र उसळला आणि बोट कलली की एक चाक हवेत फिरतं, दुसरं खोल रुततं, आणि बोट तिरपी जाऊ लागते, हेही खरंच आहे. ते इंजिनीअरसाहेब हाताचे पंजे हलवून दाखवतात. मग वहिनी कॉफी आणतात.

कप्तानांचं उत्तर एकच असतं: ‘वेव्हर्ली’. ग्लासगोला १९४६ मध्ये पाण्यात उतरलेली ही चाकाची बोट १९७४ साली कंपनीने नकोशी होऊन एका पौंडाला विकली, हौशी लोकांनी घेतली, आणि ती अजून माणसं घेऊन समुद्रात जाते. तुमची ‘रॅटलर’ कुठे आहे? ग्लासगोला शिकायला गेलेल्या पुतणीला त्यांनी खास त्या बोटीवर पाठवलं. तिथे इंजिन उघडं असतं, प्रवासी कडेला उभं राहून ते चालताना बघू शकतात. पुतणीने हौसेने व्हिडिओ पाठवला: डोंगर, समुद्रपक्षी, मैत्रिणी, चिप्स. इंजिन चार सेकंद, तेही मैत्रिणीच्या खांद्यामागून. कप्तानांनी त्या चार सेकंदांचे फोटो काढून भिंतीवर लावलेत. खांदा तसाच आहे.

अलीकडे बोट पुरी होत आली होती. डेकच्या फळ्या बसल्या, एकेक वेगळी, मधल्या फटींत पेन्सिलीने काढलेली डांबराची काळी रेघ. लाकूड असं चमकत होतं की वहिनींनीसुद्धा शेजारणींना बोलावून दाखवलं. आणि तेवढ्यात कप्तानांना प्रश्न पडला: ही बोट नक्की कोणत्या दिवशीची? एडनला पोचतानाची बोट हलकी, वर आलेली, चाकं पाण्याला जेमतेम टेकणारी. मुंबईहून निघतानाची कोळशाने दबलेली, चाकं गळ्यापर्यंत पाण्यात. रंग कुठवर, ओल कुठवर, सगळंच यावर अवलंबून. आठवडाभर घरात शांतता होती. मग निकाल आला: २० मार्च, सकाळ. आणि सलूनमध्येही कोळसा भरला होता, तर डेक मोकळा कसा असेल?

इस्त्रीवाला आपणहून पुडीभर कोळसा घेऊन आला. कप्तानांनी तो नम्रपणे परत केला. “हा लोणारी. मला दगडी हवा.” तो कुठून मिळवला ते ते सांगत नाहीत. मुठीएवढं ढेकूळ म्हणजे प्रमाणात दोन मिलिमीटर, म्हणून वहिनींची रव्याची चाळण निघाली. बारीक पडलं ते फेकून दिलं, वर राहिलं ते घेतलं. आणि ज्या डेकच्या फळ्यांपायी त्यांचे डोळे गेले त्या फळ्यांवर त्यांनी दगडी कोळशाचा ढीग पसरला, चमच्याने, सावकाश. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांनी नवी चाळण आणली आहे आणि ती कपाटात कुलपात ठेवली आहे.

आता राहिलंय ते दोरखंडाच्या लाकडी कड्यांचं काम. त्यांतली भोकं सुईने फाकतात, ड्रिलने फुटतात. त्याला लागते जुन्या पंपाच्या स्टोव्हची पिन. कप्तान सगळी भांड्यांची दुकानं फिरून आले, कोणी ठेवत नाही. तरी कोणाच्या माळ्यावर असा स्टोव्ह पडून असेल तर त्याच्याबरोबरच्या पिना टाकून देऊ नका, कळवा. गंजलेल्या चालतील, वाकलेल्या नकोत. आणि द्यायला याल तेव्हा डेक फार सुंदर झाला होता हो, असं चुकूनही म्हणू नका. वहिनी आत ऐकत असतात.