हात लावा, पैसे मोजा

लोणावळ्याला धुकं बघायला गेलेलं कुटुंब धुकं न सापडल्यामुळे 'इंटरॅक्टिव्ह मिनी झू'त शिरतं. दारातच फलक : प्राण्यांना हात लावण्यास परवानगी आहे. ती कोणी दिली, प्राण्यांनी की मालकानं, याचा उल्लेख नाही.

आत शेळी. मामाच्या गावी हीच शेळी फुकटात ढुशी द्यायची. इथं तिला गाजर भरवायला कागदी कप विकत घ्यावा लागतो. शेळी गाजर सोडून आधी कप खाते.

खरी गर्दी निळ्या-पिवळ्या मकॉवपाशी. दक्षिण अमेरिकेतला हा पक्षी नीट सांभाळला तर ५० वर्षंही जगतो. तेवढ्यात खांद्याखांद्यावर किती सेल्फी होतील, हिशेब ज्याचा त्यानं करावा. गंमत म्हणजे आजोबांच्या ओसरीवरचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा. परदेशी पाहुण्याची मात्र रीतसर नोंदणी केली की झालं. तीही कायद्यात आली २०२२च्या दुरुस्तीनं.

पाच वर्षांच्या चिमुरडीच्या मांडीवर ससा उताणा ठेवतात. तो निपचित पडतो. "बघा, कसा लाडात आलाय!" आई मोबाइल सरसावते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला ससाही भीतीनं असाच थिजतो. मऊ केसांखाली त्याचं काळीज धडधडत असतं, पण ते फोटोत येत नाही.

इग्वाना पंधरा मिनिटं जागचा हलत नाही. "रबराचा आहे," बाबा जाहीर करतात आणि त्याला उचलून खांद्यावर घेतात. नव्या शर्टावर पुरावा लगेच सादर होतो.