सलग आठ वर्षे नवीन

नव्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन कार्यशाळा घ्यायची, असं प्राचार्यांनी ठरवलं आणि समन्वयक म्हणून माझं नाव लिहून टाकलं. कॉलेज माळेगाव बुद्रुक परिसरातलं. नाव सांगत नाही. निवृत्तीला अजून अवकाश आहे.

पहिली अडचण तारखेची. जाहिरात, मुलाखत, मान्यता हे सोपस्कार उरकून ही तासिका तत्त्वावरची (सीएचबीची) माणसं वर्गावर येईपर्यंत साखर कारखान्याचा बॉयलर पेटायची वेळ होते. मी सुचवलेल्या एका दिवशी गव्हाणीत मोळी टाकायची होती, म्हणजे पाहुणे तिकडे. दुसऱ्या दिवशी लग्नाची दाट तिथी. तिसरी तारीख सर्वांना चालली, फक्त ज्यांच्यासाठी कार्यशाळा त्यांना चालेना. त्यांचे तास सकाळी माळेगावात, दुपारी बारामतीत आणि उरलेले इंदापूरला. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून मोटारसायकल हाकत ते तिन्ही ठिकाणी वेळेवर पोचतात, हेच खरं तर संशोधन म्हणून छापायला हवं.

मग समिती बसली. शाल की पुष्पगुच्छ, यावर तासभर चर्चा झाली. कार्यक्रम दहा ते एक. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. बेरीज केली तर दोन तास पन्नास मिनिटं झाली. उरलेल्या दहा मिनिटांत उद्बोधन आणि चहा.

कायम प्राध्यापकांचं तसं नसतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर त्यांच्यासाठी देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली आणि चार-चार आठवड्यांचे वर्ग सुरू झाले. २०१९ साली यूजीसीने त्याला ‘गुरुदक्षता’ असं भारदस्त नाव दिलं, मुदत महिनाभराचीच. असा एक वर्ग मीही केला आहे. जेवण चांगलं होतं. ज्याची नोकरी निवृत्तीपर्यंत आहे त्याला शिकायला महिना, आणि ज्याची वर्षअखेरीस संपणार त्याला दहा मिनिटं, हा हिशेब मात्र चोख आहे.

हिशेबावरून आठवलं. कार्यशाळेचे तीन तास मानधनात धरायचे का, हे विचारायला मी ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडे गेलो. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “सर, शिकवलं तर तास. हे तर शिकणार. उलट यांच्याकडून फी घ्यायला पाहिजे.”

यादी हातात आली तेव्हा ‘नवीन’ माणसांत एक ओळखीचं नाव दिसलं. हे सर सेट झालेले, पीएच.डी. झालेले आणि सलग आठ वर्षे नवीन. नेमणूक त्या त्या वर्षापुरती, त्यामुळे दर वर्षी मुलाखत नवी, हजेरीपट नवा आणि उद्बोधनही नवं. मी बिचकत विचारलं, “सर, तुम्हीही येणार?”

“येतो ना. काडेपेटी मात्र आठवणीनं घ्या. दर वर्षी दिव्याशी पोचल्यावरच शोधाशोध होते.”

मी त्यांनाच विचारलं, नव्या माणसाला नेमकं काय सांगू? ते तिथल्या तिथे बोलू लागले. तासांची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची आणि तिथे सही कोणाची लागते. बिल कुठल्या तारखेच्या आत द्यायचं. ग्रंथालयातून पुस्तकं मिळतात का, किती मिळतात. प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे. परीक्षेच्या कामाचे पैसे वेगळे असतात, ते मागायचे कुणाकडे. आणि एसटीची शेवटची फेरी किती वाजता. या यादीतलं एकही वाक्य आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

त्या यादीतल्या बिलाचंच घ्या. अनुदानित महाविद्यालयात पदवीच्या तासाला शासनाने २०२३मध्ये ९०० रुपये ठरवले. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. म्हणजे ८,१०० रुपये, तेही त्या आठवड्यात सुटी, परीक्षा आणि गॅदरिंग नसेल तर. हे पैसेही नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यासारखे, टोकाच्या शेतापर्यंत पोचता पोचता पाळी संपते.

तेव्हा अशी कार्यशाळा घेणाऱ्या तमाम प्राचार्यांना आणि समन्वयकांना विनंती आहे: शाल घाला, दिवाही लावा, पण उद्घाटनाआधी सरांच्या त्या यादीची एक प्रत प्रत्येकाच्या हातात ठेवा आणि महिनाअखेरीस बिल पुढे पाठवा. एवढं केलंत तर अध्यक्षीय समारोप कितीही लांबला तरी कुणी तक्रार करणार नाही. आणि काडेपेटी विसरू नका.