एका बटणाचे नाना

नानांच्या घरातला पंखा तीनवर असतो. मे महिन्यात तीनवर, जानेवारीत तीनवर, आणि समोर बसलेला पाहुणा घामानं निथळत असला तरी तीनवरच. टीव्हीचा आवाज १४. चहाचं पातेलं ठरलेलं, त्यात पाणी किती याची खूण ठरलेली. काकू म्हणतात, "चारवर पंखा कसा फिरतो ते मी माहेरी गेले की बघून घेते."

एकदा जमलं की पुन्हा हात लावायचा नाही, एवढंच नानांचं म्हणणं. ऐकायला साधं वाटतं. त्यांच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लीफायरजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की ते किती कडक आहे हे कळतं.

आमचं कोसाड म्हणजे सुरतेच्या उत्तरेला, तापी ओलांडल्यावर उतराणच्या पुढचं स्टेशन. सुरतेत खानदेशी माणूस शोधायचा तर लोक उधना, लिंबायत, डिंडोलीकडे बोट दाखवतात. भुसावळकडची गाडी जिथे उतरवते तिथेच तो बिऱ्हाड करतो. नाना शिंदखेड्याकडचे, तेही आधी उधन्यालाच होते. मग नदी ओलांडून इकडे का आलात, असं विचारलं तर सांगतात, "तिकडे ओळखीपाळखी फार. जो तो घरात यायचा आणि बटणं फिरवायचा." हे कारण खरं नसावं. इकडे घर स्वस्तात मिळालं असेल. पण नाना व्यवहाराची कारणं कधी सांगत नाहीत.

आता तो अ‍ॅम्प्ली. मूळचा तो फिलिप्सचा वाल्व्हवाला रेडिओ. जुन्या रेडिओंना पाठीमागे ग्रामोफोन जोडायची सोय असायची. तिथे ग्रामोफोनऐवजी गिटारची वायर खुपसली तरी रेडिओ तक्रार न करता वाजतो, हे ऑर्केस्ट्राच्या दिवसांत खिसा रिकामा असलेल्या पोरांना बरोब्बर ठाऊक होतं. नानांनी पुढे त्या रेडिओचं पोट एका लाकडी खोक्यात बसवलं, आठ इंची स्पीकर लावला, स्टेशन लावायचं बटण उपटून टाकलं आणि त्या भोकावर गणपतीचा स्टिकर चिकटवला. राहिलं एक बटण. आवाजाचं.

"बेस कुठून वाढतो?" मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं.

"बोटातून."

"आणि ट्रेबल?"

"बोटातून."

"इको?"

यावर नानांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. इकोबद्दल विचारणाऱ्याला ते चहा पाजतात, उत्तर देत नाहीत.

अ‍ॅम्प्लीला हात का लावायचा नाही याचं खरं कारण लहान मुलांना मात्र ते सांगतात. वाल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ दबा धरून बसतात. मुलं लांबून बघतात. मोठ्यांना हे पटत नाही, म्हणून मोठ्यांसाठी हातावर चापट आहे.

त्या रेडिओत शेवटी आवाज देणारा वाल्व्ह ईएल-८४. हाच वाल्व्ह इंग्लंडच्या व्हॉक्स एसी-३० मध्ये चार नग बसतो, आणि एसी-३० म्हणजे बीटल्सचा अ‍ॅम्प्ली. नव्या माणसाला नाना हे पहिल्याच भेटीत सांगतात, आणि अशा बेतानं सांगतात की बीटल्स शिंदखेड्याला येऊन बघून गेले असावेत असं वाटावं.

त्यांचा खरा आवडता माणूस मात्र लिओ फेंडर. हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्यानं दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढे जगभर गाजलेल्या गिटारी आणि अ‍ॅम्प्ली बनवले, आणि स्वतः गिटार वाजवायला कधी शिकलाच नाही. हे शेवटचं वाक्य नाना फार प्रेमानं उच्चारतात. या फेंडरचा १९५० च्या दशकातला 'चॅम्प' म्हणजे नानांच्या मते माणसानं केलेलं शेवटचं शहाणपणाचं काम. पाचेक वॉट, आठ इंची स्पीकर आणि एकच बटण. तेच फिरवलं की चालू, तेच आणखी फिरवलं की मोठा. एरिक क्लॅप्टननं १९७० साली 'लैला'च्या वेळी असाच छोटा चॅम्प वापरला, असं सांगून नाना जरा थांबतात. "पाच बटणं असती तर गाणं झालं असतं का? अजून फिरवत बसले असते."

पाच बटणांचं त्यांना वावडं आहे. दुसऱ्याच्या कार्यक्रमात मार्शलच्या अ‍ॅम्प्लीपुढे उभं राहायची वेळ आली, तर बेस, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स, जे दिसेल ते सगळं मधोमध, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तिथे आणून ठेवतात आणि वाजवायला लागतात. कार्यक्रमाचे बारा वाजण्यापेक्षा बटणांचे वाजलेले बरे, हा त्यांचा ठरलेला विनोद. एकदा मी ऐकीव ज्ञान पाजळलं. म्हटलं, नाना, बऱ्याच अ‍ॅम्प्लींत बटणं मधोमध ठेवली तरी आवाज सपाट नसतो, मधले सूर दबलेलेच राहतात. नाना हळूच म्हणाले, "त्याला सांगू नको."

रोलंडचा जेसी-१२०, हा १९७५ पासून निघणारा मोठा अ‍ॅम्प्ली, त्यांनी मुंबईत कुणाच्या तरी भाड्याच्या सामानात ऐकला. नितळ आवाज. वायर खुपसा आणि वाजवा, काही बघावं लागत नाही. नानांना तो पसंत पडला, पण समोरची बटणांची रांग बघून त्यांनी शेरा मारला, "मुलगी चांगली आहे, दागिने फार घातलेत."

त्यांच्या पुतण्याचा अ‍ॅम्प्ली नवा आहे. त्यात शेकडो अ‍ॅम्प्लींच्या नकला भरल्या आहेत आणि तो मोबाइलवरून चालतो. एका रविवारी काका-पुतणे एकत्र वाजवायला बसले. पुतण्या आवाज निवडत होता. हा जास्त चरचरीत, तो जास्त मऊ, एक सापडला तोवर आधीचा बरा होता असं वाटायला लागलं, आणि मग मोबाइलनं सांगितलं की अपडेट आलं आहे. तोवर नानांनी 'यादों की बारात'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात वाजवून घेतली. ती मूळ कोणी वाजवली हेही सांगून झालं: भूपिंदर सिंग, १९७३. गझल गाणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण गिटारवाले म्हणून ओळखणारा माणूस भेटला की नाना त्याला पंख्याखालची जागा देतात. पंखा तीनवरच. पुतण्यानं त्या दिवशी एकही गाणं वाजवलं नाही, पण आवाज मात्र फार सुंदर निवडला, असं काकू अजून सांगतात.

इथवर वाचून तुम्हाला नाना हट्टी वाटले असतील. हट्टी आहेतच. पण त्या एका बटणाकडे नीट पाहिलं की दुसराच माणूस दिसायला लागतो.

बटणाभोवती खोक्यावर नेलपॉलिशचे ठिपके आहेत. पहिला लाल, तो काकूंच्या बाटलीतला, लग्नानंतरचा. मग गुलाबी, मुलगी शाळेत असतानाचा. त्याच्या शेजारी चमकीवाला. पुढे काळा, म्हणजे मुलगी कॉलेजात गेली. शेवटचा फिकट बदामी, ती नोकरीला लागल्यावरचा. लाल ठिपका घरातला. गुलाबी पत्र्याच्या छपराखालचा, कारण पत्रा आवाज परत फेकतो. चमकीवाला मंडपातला. काळा पावसाळ्यातला. बदामी कशासाठी आहे ते नानांनी मला अजून सांगितलेलं नाही. बटण या पाच ठिपक्यांवर वर्षभर फिरत असतं.

"नाना, ही सेटिंगच झाली की."

"ही सेटिंग नाही. या जागा आहेत."

याहून मजेदार गोष्ट त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीत आहे. गिटारवरही आवाजाचं एक बटण असतं, तारांच्या अगदी जवळ. नाना वाजवताना चार बोटं तारांवर आणि करंगळी त्या बटणावर. गाणारा आला की करंगळी बटण जरा मागे घेते, गाण्यातली मोकळी जागा आली की पुढे सरकवते. वाल्व्हचा अ‍ॅम्प्ली पुरेसा तापलेला असेल तर एवढ्यानं सगळं बदलतं: गिटारचा आवाज कमी केला की सूर काचेसारखा स्वच्छ, वाढवला की वाल्व्ह भरून येतो आणि आवाजाला खरखरीत कड येते. जोरात छेडलं तर तो स्वतःच शिखरं दाबून घेतो, हळू छेडलं तर सोडून देतो. एका बटणाच्या अ‍ॅम्प्लीची सगळी जादू इथे आहे. करंगळी एका गाण्यात किती वेळा हलते ते मोजायचा प्रयत्न मी सोडून दिला. नानांना विचारलं तर ते म्हणतात, संधिवात आहे.

शिवाय बसायची जागा. साध्या एका गुंडाळीच्या पिकअपला घरातल्या विजेची घुं-घुं लगेच लागते, आणि गिटारचं तोंड फिरवलं की ती कमी-जास्त होते. नाना खुर्ची घेऊन खोलीभर फिरतात आणि घुं-घुं जिथे सर्वांत कमी तिथे बसतात. त्यामुळे मैफलीत त्यांची पाठ आमच्याकडे आणि तोंड फ्रीजकडे असतं. काकू म्हणतात, निदान भाजी तरी ऐकते.

नोकरीत नाना लूम्सच्या खात्यात मास्टर होते. दिवसभर खिशात पाना, कुठला धागा का तुटतो, कुठला माग का अडतो, याला ढील दे, त्याला ताण दे. अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या यंत्रांना हात लावण्यात गेलं, तेही एका नजरेत दोष ओळखणारा म्हणून नाव मिळवून. हे कळल्यावर मला त्या पंख्याबद्दल वाटणारा राग बराच कमी झाला.

गणपतीत त्यांची खरी परीक्षा. चार-पाच वॉटचा अ‍ॅम्प्ली मंडपात कुणाच्या बापाला ऐकू येणार? रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगणारे २००० सालचे नियम आहेत, पण नानांच्या खोक्याची त्यांच्याशी कधी गाठच पडली नाही. म्हणून मंडळाची पोरं त्याच्या पुढ्यात माईक ठेवतात. माईकची वायर जाते मिक्सरला. मिक्सरवर बटणांची शेतं आणि त्यांच्यापुढे सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा, ज्याचे हात एक क्षण स्वस्थ नसतात. तो नानांच्या गिटारचा बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, समोरून कुणी गुजराती काका "अवाज वधारो ने!" ओरडले की सगळंच वाढवतो, आणि देवाशपथ, इकोसुद्धा घालतो. नाना हे सगळं ऐकतात. मिक्सरकडे पाठ करून ऐकतात. "माईकच्या पुढचं माझं नाही," म्हणतात. एकदाच, पोरगा त्यांच्या खोक्याजवळ येऊन लाल ठिपक्याकडे हात नेऊ लागला, तेव्हा नानांनी चालू गाण्यात वायर काढली, खोकं उचललं आणि ते घरी गेले. गाणारी मुलगी बिचारी बासरीवाल्याच्या आधारावर पुढचं कडवं गायली.

२०२३ हे साल त्यांना जड गेलं. मार्चमध्ये शेजारच्या उतराण वीज केंद्राचा ८५ मीटर उंचीचा जुना कूलिंग टॉवर स्फोट करून पाडला. आम्ही सगळे गच्चीवर मोबाइल धरून उभे. काही सेकंदांत तो बसला, धुरळा उठला, बायकांनी तोंडावर पदर घेतले. नाना डोळे मिटून उभे होते. म्हणाले, "बेस ऐकला? एक बटण नाही." त्याच वर्षी जुलैत फ्लाइंग राणीचे डबल डेकर डबे काढले. १९७९ पासून होते ते. वायरी आणि वाल्व्ह आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाताना नाना वरच्या मजल्यावर, ठरलेल्या बाजूला बसत. ती बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि अस्सल अहिराणीत विचारलं, "बरं चाली ऱ्हायंतं ना भो, मंग हात कसाले लावा?" रेल्वेकडे याचं उत्तर असेल. माझ्याकडे नव्हतं.

तुमच्या मंडळाला यंदा गिटारवाला हवा असेल तर नाना येतील. पैसे घेत नाहीत. अ‍ॅम्प्ली स्वतः उचलून आणतात, उचलायला मदत करायला जाऊ नका. जेवणाचं तेवढं बघा: अळणी चालत नाही, आणि वरून मीठ घेतलेलंही चालत नाही.