गाळणीचा प्रवासखर्च

चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला, ही म्हण करणाऱ्याने 'डिलिव्हरी चार्ज' पाहिला नव्हता. पाहिला असता, तर त्याने मसाला शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवला असता.

चहाची गाळणी ऐंशी रुपये, ती घरी येण्याचं भाडं नव्वद. वर 'हँडलिंग', म्हणजे गाळणी हातात धरण्याचे वेगळे. का, तर कुरियरचा हिशोब: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची, 5000ने भागायचं, येईल ते किलो. गाळणी असेल पन्नास ग्रॅमची. खोकं 30 बाय 30 बाय 20चं, म्हणून वजन 3.6 किलो! उरलेली सगळी भिवंडीच्या गोदामातली हवा. ती पुण्यात बसून आपण रोख मोजून मागवतो.

पैसे भरताना अचानक आकार उगवणं अनुचित आहे, असं केंद्र सरकारने 2023मध्येच मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं. काही विक्रेते लगेच सुधारले. आता 'डिलिव्हरी मोफत', गाळणी एकशे सत्तर. आपणही खूश. शिवाय 499च्या वर कूपन मिळतं म्हणून सोबत दोन चिमटे आणि एक लिंबू पिळणी.

कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे गाळणी साठला आहे म्हणा. पण तो पार्सल कुठपर्यंत पोचलं ते दाखवत नाही.