बिनतिकिटाचा प्रवासी

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. आईबाप खूश. पण तिकीट नाही म्हणजे हक्काची जागाही नाही. मग मुंबईहून संभाजीनगरपर्यंतचे सहा-सात तास ते मूल बसणार कुठे?

आईच्या मांडीवर. आणि त्या मांडीचा हिशोब कुणीच धरत नाही.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं. पैसे घेताना मूल मोठ्या माणसाएवढं. हात धुवायला गेलं की नळापर्यंत पोचत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं?

लक्षात आलं होतं, एकदा. २०२२ मध्ये लखनऊ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडून तान्ह्या बाळासाठी छोटा बर्थ लावून पाहिला. त्याचे फोटो देशभर फिरले.

बर्थ कुठवर फिरले?

पण सगळा दोष रेल्वेच्या माथी मारू नका. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस कोण पकडतं? गाडी भल्या पहाटे उतरवते, हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. मधले तास चार वर्षांच्या पोराने काढायचे कुठे? सकाळी मुंबईहून निघणारी तपोवन एक्सप्रेस दुपारी पोचवते. मुलाला अख्खी खिडकी मिळते आणि उतरेपर्यंत खोलीही तयार असते. तरी लोक म्हणतात, रात्रीच्या गाडीने दिवस वाचतो.

दिवस वाचतो, मूल आंबतं.

मग तो वाचवलेला दिवस सत्कारणी लावायचा. पहिल्या दिवशी अजिंठा, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा, आणि संध्याकाळी परतीची गाडी. का, तर मुलांना इतिहास कळावा. कैलास लेण्यातल्या दगडी हत्तीपाशी मुलाला मनसोक्त उभं राहू दिलंत, तर त्याला काहीतरी कळेल. ‘चल, अजून दोन ठिकाणं राहिलीत’ म्हणत ओढलंत, तर फक्त ओढणं कळेल.

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. हे निघण्याआधी बघायला किती वेळ लागतो? बंद दारासमोर मूल रडलं की ‘हट्टी आहे’ म्हणतात. चुकलं कोण?

मुलासाठी खरी सहल शहरातच आहे. शहागंजातलं निजामकाळाचं घड्याळ, पुढे सराफा, सिटी चौक, गुलमंडी, सुपारी मारुती. रिक्षाने पाणचक्कीला जा. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दळण दळायचे, ही गोष्ट चार वर्षांच्या पोराला लगेच पटते. तिथे त्याचे प्रश्न सुरू होतात. इतिहास शिकवायचा तो असा.

पण शहागंजात मुलाला चालवायचं कुठून? फूटपाथवर दुकानाचा माल, त्यापुढे हातगाडी, हातगाडीपुढे दुचाकी, उरलेल्या पट्टीत रिक्षा. बाबागाडी दहा पावलं सरकत नाही. मूल पुन्हा कडेवर.

हातगाडीवाल्याला हुसकावणं हा उपाय नाही, त्याचंही घर त्यावर चालतं. त्याला आखून जागा द्या. दुचाकींना वाहनतळ द्या. हे ठरवायचं काम महापालिकेचं आहे, पाहुण्याचं नाही.

घड्याळाची डागडुजी झाली, छान झालं. त्या घड्याळापर्यंत पोराचं बोट धरून रस्ता ओलांडता येतो का?

स्टेशनाच्या पाटीवरचं नाव २०२५ मध्ये बदललं. ज्या पाहुण्याला अजून पाटी वाचता येत नाही, त्याच्यासाठी काय बदललं?

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पालकांनो, दिवसाची गाडी धरा, एकच लेणं निवडा, यादीतली बाकी नावं खोडा आणि एक अख्खी संध्याकाळ शहागंजला द्या. महापालिकेने तोवर शहागंज ते गुलमंडी एका बाजूचा फूटपाथ मोकळा करावा.

साठ दिवस पुरेसे आहेत.